लिलाव जाहीर असतो, पण तो नेमका कोणासाठी?

गेल्या महिन्याभरात निदान पंधरा जणांनी मला एकच मेसेज फॉरवर्ड केलाय. 'पोलीस लिलावात बुलेट फक्त २० हजारात, स्विफ्ट ५० हजारात, लवकर संपर्क करा.' खाली कुठलातरी मोबाईल नंबर. आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच, 'दादा, तुम्ही पत्रकार आहात, आपल्याकडं लिलाव कधी आहे ते सांगा ना.'

आधी त्या मेसेजचं सांगतो. कोणताही खरा सरकारी लिलाव मोबाईल नंबरवर 'बुकिंग' घेत नाही. कोणी फोनवरच ॲडव्हान्स मागत असेल, क्यूआर कोड पाठवत असेल तर तो लिलाव नाही, तुमच्या खिशावर टाकलेला दरोडा आहे. अनामत रक्कम भरायची ती कार्यालयाच्या नावाने, पावती घेऊन किंवा लिलावाच्या अधिकृत संकेतस्थळावर. एवढं लक्षात ठेवलं तरी आजची पोस्ट वाचल्याचं सार्थक झालं म्हणायचं.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढं सोपं नाही. लिलाव कधी आहे? खरं सांगू? लिलाव होऊन गेल्यावरच बहुतेकांना कळतं. आणि आज मला त्यावरच लिहायचंय.

आपल्याकडं 'लिलावाची गाडी' म्हणतात ती एका प्रकारची नसते. निदान पाच वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी, धोके वेगळे.

पहिला प्रकार, पोलीस ठाण्यातली मुद्देमालाची आणि बेवारस वाहनं. चोरीची सापडलेली, अपघातातली, गुन्ह्यात वापरलेली, कोणीतरी रस्त्यावर सोडून दिलेली. दारूच्या वाहतुकीत पकडलेल्या गाड्यांचा लिलाव राज्य उत्पादन शुल्क खातं करतं, तोही साधारण याच जातीचा.

दुसरा, आरटीओ आणि तहसीलचा. आरटीओ कर थकलेल्या गाड्या अडकवून ठेवतं आणि मालक फिरकलाच नाही तर लिलावात काढतं. तहसीलच्या आवारात वाळूचे ट्रॅक्टर, टिपर उभे असतात ते दंडापायी.

तिसरा, बँका आणि फायनान्स कंपन्यांचा. हप्ते थकले, गाडी ओढून नेली, यार्डात लावली, विकली.

चौथा, विमा कंपन्यांचा. अपघातात किंवा पुरात गेलेली गाडी. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो.

पाचवा, सरकारी खात्यांच्या जुन्या जीप-गाड्यांचा. हा प्रकार आता जवळजवळ संपला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढं चालू राहत नाही, ती अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढावी लागतात. म्हणजे 'बांधकाम खात्याची जुनी जीप घेऊन शेतावर वापरू' हा आपल्या वडिलांच्या पिढीचा हिशेब आता बसत नाही. कोणी १५ वर्षांपुढची सरकारी जीप 'चालू कंडिशन, पेपर करून देतो' म्हणत असेल तर हात जोडा आणि पुढं चला.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जा. मागच्या बाजूला, नाहीतर थेट दर्शनी भागात, गाड्यांची स्मशानभूमी दिसेल. मोटरसायकली एकमेकींवर रचलेल्या. त्यांच्यातून घाणेरीची झुडपं वर आलेली. कारच्या सीटवर कुत्री व्यालेली. टायर जमिनीत रुतलेले. पावसाळ्यात तिथं डास आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर आगीची भीती. पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त गाड्या जळाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून वाचतोच.

हे असं का? कायदा नाही म्हणून? अजिबात नाही. कायदा आहे आणि चांगला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात अगदी स्पष्ट सांगितलंय की जप्त केलेली वाहनं पोलीस ठाण्यात दीर्घकाळ उभी करून कुणाचंच भलं होत नाही. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि गाडी मालकाला परत द्या. मालक, आरोपी, विमा कंपनी, कोणीच दावा करत नसेल तर न्यायालयाने लिलावाचा आदेश द्यावा. आणि हे सगळं गाडी न्यायालयापुढं आल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हावं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेच निर्देश पाळा म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

त्यानंतर नवा कायदा आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुदतीच लिहून टाकल्यात. मुद्देमाल न्यायालयापुढं आल्यापासून १४ दिवसांत त्याचं विवरण तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. तो फोटो, तो व्हिडिओच पुढं पुरावा म्हणून चालतो. म्हणजे 'केस चालू आहे म्हणून गाडी ठेवलीय' हे कारण बहुतेक प्रकरणांत आता उरलेलं नाही. बेवारस गाडी असेल तर मालकासाठी जाहीर उद्घोषणा करायची, सहा महिने वाट बघायची आणि नंतर विकायची. कलम ५०३ आणि ५०४ वाचा, लिहिलेलं आहे.

बावीस-तेवीस वर्षं झाली त्या निकालाला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज स्वतः गाडी घ्यायला निघालीत. आणि आवारात गाड्या तशाच.

मी पोलिसांना शिव्या घालणार नाही. ठाण्यातला मुद्देमाल कारकून म्हणजे एक हवालदार आणि त्याच्यापुढं रजिस्टरांचा ढीग. एका बेवारस मोटरसायकलचा लिलाव करायचा तर त्याला काय काय करावं लागतं ते बघा. गंजलेला चेसिस नंबर घासून वाचायचा. त्यावरून मालक शोधायला आरटीओला पत्र. मालक परजिल्ह्यातला निघाला तर त्याला नोटीस. ती 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत. कुठल्या ठाण्यात ती चोरीला गेल्याची फिर्याद आहे का, ते तपासायचं. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून मूल्यांकन. वरिष्ठांची, दंडाधिकाऱ्यांची परवानगी. वर्तमानपत्रात जाहिरात. हे सगळं एका गाडीसाठी, बंदोबस्त, सण, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे सांभाळून. मग तो काय करतो? साचू देतो. दीडशे-दोनशे गाड्या साचल्या की एखादा उत्साही अधिकारी येतो, 'आवार साफ करा' म्हणतो आणि मग एकदाच ढिगाने लिलाव.

आणि खरी गंमत त्या ढिगातच आहे.

जाहिरात येते. कुठल्यातरी पेपरच्या आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. 'वाहने जसे आहे, जेथे आहे तत्त्वावर एकत्रित भंगार म्हणून विकण्यात येतील. जीएसटी क्रमांक असलेल्या परवानाधारकांनीच भाग घ्यावा. अनामत रक्कम अमुक. कोणतेही कारण न देता लिलाव रद्द करण्याचा अधिकार राखून.' आता मला सांगा, दोनशे गाड्यांच्या एकत्रित लिलावात तुमच्या-माझ्यासारखा, एक मोटरसायकल घ्यायला आलेला माणूस काय करणार? त्याच्याकडं जीएसटी क्रमांक नाही. लाखभर अनामत नाही. दोनशे गाड्या ठेवायला जागा नाही. तो कंपाउंडच्या बाहेर उभा राहून बघतो आणि चहा पिऊन घरी जातो.

आत काय होतं? पाच-सात व्यापारी. नेहमीचे. एकमेकांना ओळखणारे. सरकारी हातची किंमत पुकारली जाते. एकजण थोडी वर बोली लावतो, दुसरा दोन हजार वाढवतो, तिसरा हजार वाढवतो आणि गप्प. एकवार, दोनवार, तीनवार. संपलं. बाहेर आल्यावर त्यांचा आपसातला खरा हिशेब होतो. याला बाजारात 'रिंग' म्हणतात. कांद्याच्या लिलावात शेतकऱ्याला माहिती आहे, टेंडरात कंत्राटदाराला माहिती आहे, गाड्यांच्या लिलावात तर सगळ्या गावाला माहिती आहे. बोली लावणाऱ्यांनी आपसात ठरवून भाव पाडणं स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ खाली बेकायदेशीर आहे. पण फिर्याद कोण देणार? नुकसान होतं सरकारी तिजोरीचं, आणि तिजोरीला तोंड नसतं.

इथं काहीजण म्हणतील, 'अहो, त्या गाड्या भंगारच झालेल्या असतात, त्यात सामान्य माणसाला काय मिळणार?' बरोबर. पण त्या भंगार झाल्या कशा, हा प्रश्न विचारा ना. आली तेव्हा ती गाडी चालू होती. सहा महिन्यांत विकली असती तर दूधवाल्याने, गवंड्याने, कॉलेजच्या पोराने ती चांगल्या पैशांत घेतली असती. आठ वर्षं पावसात ठेवली म्हणून ती किलोवर गेली. उशीर हाच भंगारवाल्याचा सगळ्यात मोठा नफा आहे. यात कोणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. पण उशिराचा फायदा कोणाला होतो आणि तोटा कोणाला, हे तर दिसतंय.

आणि तोटा फक्त खरेदीदाराचा नाही हो. ज्याची गाडी चोरीला गेली होती त्याचा विचार करा. कर्ज काढून घेतलेली मोटरसायकल. चोरीला गेली. हप्ते मात्र चालू. तीच गाडी चाळीस किलोमीटरवरच्या ठाण्यात 'बेवारस' म्हणून तीन वर्षं उभी आणि या बिचाऱ्याला पत्ता नाही. आज चेसिस नंबर टाकला की मालकाचं नाव संगणकावर दिसतं. मग ठाण्यातल्या गाड्यांची यादी संकेतस्थळावर का नसावी? लोक स्वतः येऊन शोधतील की!

आता बँकेच्या लिलावाकडं येऊ. आपल्या भागात सध्या जास्त गाड्या तिथूनच येतात. यार्डात रांगेनं उभी ट्रॅक्टरं, पिकअप, रिक्षा, कार. स्वस्त मिळते म्हणून आपण खूश. पण त्या प्रत्येक गाडीमागं एक घर असतं. पाऊस गेला, भाव पडला, धंदा बसला, घरात आजारपण आलं आणि हप्ता चुकला. मी गाडी घेऊ नका म्हणत नाही. तुम्ही नाही घेतली तर दुसरा घेईल. पण ज्यांची गाडी जाते त्यांना आपले हक्क माहीत असावेत, म्हणून हे लिहितो.

रिझर्व्ह बँकेने फायनान्स कंपन्यांना घालून दिलेल्या नियमांनुसार कर्जाच्या करारातच हे लिहिलेलं असावं लागतं: गाडी ताब्यात घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, ताब्यात घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी परत देण्याची पद्धत आणि लिलावाची पद्धत. करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा आणि त्याची प्रत त्याला मिळाली पाहिजे. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. गुंड पाठवून गाडी ओढून नेणं चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलंय. लिलावातून कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे पैसे कर्जदाराचे असतात. कमी आले तर उरलेली रक्कम मात्र त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणून गाडी कितीला विकली, कोणाला विकली, खर्च काय लावला, याचा लेखी हिशेब मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. गाडीही गेली आणि वर ८० हजारांची नोटीसही आली, अशी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यातल्या किती जणांनी हिशेब मागितला?

अजून एक फार महत्त्वाचं. गाडी बँकेने नेली, विकली, म्हणजे विषय संपला असं समजू नका. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचंच असेल आणि नव्या माणसाने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यामुळं गाडी गेल्यावरही अधूनमधून परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून नाव बदललं का बघत राहा. नसेल तर बँकेला आणि आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या.

बरं, एवढं सगळं असूनही कोणाला लिलावात उतरायचंच असेल तर उतरा. घाबरायचं कारण नाही, पण वेंधळेपणा परवडणार नाही. माझ्या बघण्यात आलेल्या गोष्टी सांगतो.

१) जाहिरातीतले दोन शब्द आधी शोधा. 'भंगार म्हणून' असं असेल तर ती गाडी रस्त्यावर येणार नाही, कितीही चकचकीत दिसली तरी. 'वापरायोग्य' किंवा 'नोंदणी हस्तांतरासह' असं स्पष्ट असेल तरच पुढं जा. शंका असेल तर कार्यालयात लेखी विचारा.

२) 'जसे आहे जेथे आहे' याचा अर्थ, बोली मंजूर झाल्यावर तक्रार बंद. इंजिन जाम निघालं, गिअरबॉक्स नाही, बॅटरी चोरीला गेलीय, सगळं तुमचं. त्यामुळं पाहणीच्या दिवशी स्वतःचा मेकॅनिक घेऊन जा. त्याला पाचशे रुपये द्या, पण न्या.

३) चेसिस नंबर आणि इंजिन नंबर डोळ्यांनी वाचा, आरसीशी आणि परिवहनच्या नोंदीशी ताडून बघा. घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर सोडून द्या. टोटल लॉस झालेल्या गाडीचे कागद विकत घ्यायचे आणि तेच नंबर चोरीच्या तशाच गाडीवर ठोकायचे, हा धंदा देशभर चालतो. उद्या पोलीस दारात आले तर गाडीही जाईल आणि अब्रूही.

४) पुरातली गाडी ओळखायला शिका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, किती गाड्या पाण्यात होत्या ते आपण पाहिलंय. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वितीवर गाळाची रेघ दिसते. कार्पेट उचला. डॅशबोर्डखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात माती बघा. सीटच्या रुळांना गंज असेल तर पाणी तिथवर आलं होतं असं समजा.

५) उभ्या गाडीचा खर्च वेगळा असतो. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असतं, पेट्रोल टाकीत गंज, ब्रेक जाम, टायर एका बाजूला बसलेले, रबरी पाइप तडकलेले. किलोमीटर कमी दिसतात म्हणून भुलू नका. चाललेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी जास्त आजारी असते.

६) हिशेब उलटा करा. समजा तुम्ही १ लाख १० हजारांची बोली लावली. जीएसटी १८ टक्के वेगळा असेल तर १९,८०० रुपये. टोचन करून आणायला ४ हजार. बॅटरी ५ हजार. चार टायर १६ हजार. ब्रेक, ऑइल, पाइप, पट्टे १८ हजार. वायरिंग १० हजार. विमा ४ हजार. आरटीओ फी, हरित कर, नवी नंबरप्लेट, जुने चलन मिळून ८ हजार. झाले १ लाख ९४ हजार ८००. तशीच गाडी गल्लीतल्या मास्तरांनी जपून वापरलेली १ लाख ९० हजारात मिळत असेल तर लिलावात काय कमावलं? म्हणून आधी बाजारभाव काढा, त्यातून हा सगळा खर्च वजा करा, वर धोक्याचे दहा-पंधरा टक्के वजा करा. उरला तो तुमचा आकडा. कागदावर लिहून खिशात ठेवा. बोली त्याच्या पुढं गेली की गप्प बसा. लिलावात शेजारच्याला हरवण्याची खुमखुमी चढते, तिथंच पैसे जातात.

७) हातोडा पडेपर्यंत, म्हणजे तीनवार होईपर्यंत, आपली बोली मागं घेता येते. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम ६४. विकणाऱ्यानेच भाव चढवायला खोटे बोलीदार उभे केले असतील तर खरेदीदाराला तो व्यवहार नाकारता येतो, हेही त्याच कलमात आहे. मात्र लिलावाच्या अटींत अनामत जप्तीबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.

८) कागद. सरकारी लिलावातली गाडी नावावर करायला फॉर्म ३२ लागतो, ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत. सोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्रीचं प्रमाणपत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. नंबर नसलेली किंवा खोटा नंबर असलेली गाडी असेल तर आधी त्या खात्याच्या नावाने नवा नंबर पडतो आणि मग तुमच्या नावावर होते. केंद्रीय मोटार वाहन नियम ५७. हे कागद हातात पडल्याशिवाय गाडी आवारातून हलवू नका. गाडी घरी आली की नंतर त्या टेबलावर तुम्हाला कोणी ओळखत नाही. बँकेची गाडी असेल तर कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत दाखला, किंवा बँकेने फॉर्म ३६ खाली स्वतःच्या नावावर करून घेतलेली आरसी, यातलं काय मिळणार ते आधी विचारा.

९) नाव बदलेपर्यंत आणि विमा होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. एक किलोमीटरसुद्धा नाही.

तर मंडळी, हे झालं आपण घ्यायच्या काळजीचं. पण सगळी काळजी नागरिकानेच घ्यायची आणि यंत्रणेने काहीच बदलायचं नाही, हे मला मान्य नाही. आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्री, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी, आरटीओ यांच्याकडं माझ्या साध्या मागण्या आहेत. यातल्या एकीलाही विधानसभेत नवा कायदा करावा लागत नाही.

एक, प्रत्येक ठाण्यातल्या जप्त आणि बेवारस गाड्यांची यादी, चेसिस नंबर आणि फोटोसह, जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर टाका आणि दर महिन्याला नवी करा.

दोन, चालू स्थितीतल्या गाड्या आणि भंगार वेगळं करा. चालू गाड्यांचा लिलाव एकेक गाडीचा व्हावा, जीएसटी क्रमांकाच्या अटीशिवाय, कमी अनामतीवर.

तीन, दर सहा महिन्यांनी, ठरलेल्या महिन्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र लिलाव. लोकांना तारीख पाठ झाली पाहिजे, बैलबाजारासारखी.

चार, बोली ऑनलाइन घ्या. ऑनलाइन म्हणजे रिंग संपली असं नाही, पण समोरासमोर डोळे वटारून गप्प बसवणं तरी बंद होईल. आणि विकलेल्या प्रत्येक गाडीची किंमत नंतर जाहीर करा.

पाच, त्याच मंडपात आरटीओचं टेबल लावा. पैसे भरले, प्रमाणपत्र मिळालं, फॉर्म ३२ तिथंच दाखल. एजंटची गरजच उरणार नाही.

'एवढ्याशा गोष्टीवर कशाला एवढं लिहिलं,' असं काहींना वाटेल. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. आपल्या भागात एसटी वेळेवर येत नाही. जुनी मोटरसायकल ही इथं चैन नाही, ती मजुरीला जाण्याचं, पोरीला शाळेत सोडण्याचं, रात्री दवाखाना गाठण्याचं साधन आहे. नवी गाडी लाखाच्या घरात गेलीय. अशा वेळी वापरण्याजोगी वाहनं सरकारी आवारात सडवायची आणि मग किलोवर विकायची, हे गरिबाच्या ताटातलं मातीत ओतण्यासारखं आहे.

आता तुमचं काम. आपापल्या पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. चारच प्रश्न विचारा: आवारात आज किती वाहनं आहेत, त्यातली सहा महिन्यांपेक्षा जुनी किती, शेवटचा लिलाव कोणत्या तारखेला झाला, आणि त्यातून किती रक्कम जमा झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की फोटो काढून मला पाठवा. मी तालुकावार तक्ता करून इथंच टाकतो. दहा तालुक्यांची आकडेवारी एकत्र आली की ती घेऊन अधीक्षकांच्या दारात जाता येईल, आणि तेव्हा 'माहिती घेऊन सांगतो' असं म्हणायला त्यांना जागा राहणार नाही.

ज्यांना पोस्ट पटली त्यांनी शेअर करा. ज्यांना नाही पटली त्यांनी कमेंटमध्ये मुद्दे मांडा, मी उत्तर देतो. आणि तो २० हजारांच्या बुलेटवाला मेसेज कृपया पुढं पाठवू नका.